कन्सीलर लावूनही डोळ्यांखाली राखाडी दिसतं, फुगवटा झाकला जात नाही: काय काय तपासायचं

आधी लक्षणं बघू. डोळ्यांखालचा मेकअप बिघडल्याच्या तक्रारी फिरून फिरून याच असतात:

- लावताना ठीक वाटलं, पण उजेडात आल्यावर डोळ्यांखाली राख फासल्यासारखं दिसतं.
- काळेपणा झाकला गेला, पण तिथे पांढरा किंवा नारिंगी पट्टा उठून दिसतो.
- तासाभरात कन्सीलर (काळेपणा, डाग झाकायचं त्वचेच्या रंगाचं क्रीम) बारीक रेषांमध्ये जाऊन बसतो.
- लावतानाच मळासारख्या बारीक गोळ्या सुटतात.
- फुगवटा झाकायला गेलं तर तो आधीपेक्षा मोठा दिसतो.
- फ्लॅशच्या फोटोत डोळ्यांखाली पांढरी चंद्रकोर येते.

यातलं काहीही दिसलं की बहुतेकींचा हात पुन्हा कन्सीलरच्या नळीकडे जातो आणि तिथेच काम बिघडतं. डोळ्यांखालची त्वचा साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते, चेहऱ्याच्या इतर भागापेक्षा खूपच पातळ. तिथे तैलग्रंथीही कमी असतात आणि डोळ्यांच्या उघडझापीमुळे ती सतत हलत असते. त्यामुळे गालावर खपून जाणारा थर तिथे खपत नाही. नवीन काही विकत आणण्याआधी खालच्या गोष्टी याच क्रमाने बघा. सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसाही लागत नाही.

कालचं काजळ

सर्वात आधी हे बघा, कारण बरेचदा दोष इथेच सापडतो. वॉटरप्रूफ काजळ फेसवॉशने निघत नाही. ते विरघळून खालच्या पापणीच्या मुळाशी आणि बाहेरच्या कोपऱ्यात पसरून राहतं. त्यावर फिकट कन्सीलर फिरवला की काळं आणि फिकट मिसळून राखाडी होणारच. डोळे धुतल्यावर ओल्या कापसाच्या काडीने खालच्या पापणीच्या केसांलगत एकदा हलकेच पुसून बघा. काडी काळी आली तर कारण सापडलं.

उपाय घरातलाच आहे. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर आधी काढा. कापसावर खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब घ्या, मिटलेल्या डोळ्यावर दहा-पंधरा सेकंद नुसता टेकवून ठेवा आणि मग खाली ओढा. घासू नका. त्यानंतर सौम्य फेसवॉशने तेल पूर्ण काढा. तेलाचा अंश राहिला तर कन्सीलर घसरेल आणि तुम्ही दोष कन्सीलरला द्याल.

लग्नघरात काजळाच्या जोडीला हळद असते. हळदीच्या दुसऱ्या दिवशी डोळ्यांखालच्या बारीक घड्यांत पिवळी झाक उरलेली असते आणि महिनाभर आधी जुळवून ठेवलेली शेड अचानक गुलाबी किंवा राखाडी वाटायला लागते. हळदही तेलानेच सुटते. दोनदा तेल, दोनदा फेसवॉश, तरीही थोडी झाक राहिली तर राहू द्या. मुहूर्ताच्या सकाळी स्क्रबने घासून डोळे लाल करून घेण्यापेक्षा ते परवडलं.

उजेड

बाथरूमच्या आरशावरचा दिवा वरून पडतो आणि प्रत्येकाच्याच डोळ्यांखाली सावली पाडतो. ती सावली झाकायच्या नादात थरावर थर चढतात. खिडकीसमोर तोंड करून बसा, छोटा आरसा डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि मगच ठरवा. रात्री मेकअप करायचा असेल तर दिवा समोर हवा, डोक्यावर नको.

नेमकं झाकायचं काय आहे?

ही तपासणी टाळून पुढे गेलात तर बाकीचं सगळं अंदाजपंचे होतं. मेकअप काढलेल्या चेहऱ्याने खिडकीसमोर बसा.

खालच्या पापणीखालची त्वचा बोटाने अलगद बाजूला ताणा. रंग तपकिरी असेल आणि ताणल्यावरही जवळपास तसाच राहिला, तर तो त्वचेतलाच रंग आहे. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत हा प्रकार भरपूर, अनेकदा आई-मावशीकडून आलेला. डोळे चोळायच्या सवयीने तो वाढतो. ताणल्यावर निळसर-जांभळा रंग अधिक स्पष्ट झाला तर पातळ त्वचेखालच्या रक्तवाहिन्या दिसताहेत. सर्दी, ॲलर्जी, नाक चोंदलेलं असणं, जागरण यांनी हा रंग गडद होतो.

आता हनुवटी वर करून चेहऱ्यावर समोरून उजेड घ्या. काळेपणा जवळजवळ नाहीसा झाला? मग तो रंग नव्हताच, खळगीची सावली होती. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे तिरकी जाणारी ही खळगी वयाप्रमाणे किंवा वजन उतरल्यावर खोल होते.

फुगवट्याचीही अशीच परीक्षा घ्या. सकाळी जास्त आणि दुपारपर्यंत उतरणारा फुगवटा पाण्याचा. दिवसभर तेवढाच राहणारा आणि मान सरळ ठेवून नजर वर केली की जास्त पुढे येणारा बहुधा चरबीचा. फक्त हसताना पापणीच्या केसांखाली लगेच उठणारी बारीक वळी स्नायूची असते, तिला दोष समजू नका. ती झाकायला गेलं की चेहरा निर्जीव दिसतो.

बहुतेक चेहऱ्यांवर यातलं दोन-तीन प्रकारचं एकत्र असतं. जे सर्वात ठळक असेल तिथून सुरुवात करा.

प्रमाण आणि जागा

दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा कन्सीलर पुरतो. व्हिडिओत दिसणारा मोठा त्रिकोण गालापर्यंत भरायची गरज नाही. जिथे काळं आहे तिथेच लावा: बहुतेकींना आतल्या कोपऱ्यातली खळगी आणि थोडं बाहेरच्या कोपऱ्याला. पापणीच्या केसांलगतची दोन-तीन मिलिमीटर जागा रिकामी सोडा. तिथे सर्वात जास्त हालचाल असते आणि रेषा तिथूनच सुरू होतात. स्पंजावर जे उरतं तेवढं तिथे टेकवलं तरी पुरे.

लावून लगेच फिरवू नका. अर्धा मिनिट थांबलात की तो थोडा घट्ट होतो आणि कमी मालात जास्त झाकतो. मग अनामिकेने किंवा ओला करून घट्ट पिळलेल्या स्पंजाने टेकवत, दाबत बसवा. ओढलं की खालचा करेक्टर (कन्सीलरखाली लावायचा, काळेपणाचा रंग मारणारा रंगीत थर, त्याबद्दल पुढे) सरकतो आणि मधोमध टक्कल पडतं. फाउंडेशन लावणार असाल तर ते आधी, कन्सीलर नंतर. फाउंडेशननेच बरंच काम झालेलं असतं.

खाली काय लावलंय

गोळ्या सुटत असतील तर कन्सीलरला सोडा, खालचे थर बघा. जाड आय क्रीम, त्यावर सनस्क्रीन, त्यावर सिलिकॉनचा प्रायमर (मेकअपआधी त्वचा गुळगुळीत करायला लावतात तो थर) आणि त्यावर पाणीदार कन्सीलर हे एकमेकांत बसत नाहीत. एकेक थर कमी करून बघा. पहिल्यांदा प्रायमर वगळा, डोळ्यांखाली तो बहुधा नकोच असतो. क्रीम मुगाच्या अर्ध्या दाण्याएवढंच, आणि पाच मिनिटांनी टिश्यू नुसता टेकवून जास्तीचं टिपून घ्या. सनस्क्रीनला दहा मिनिटं द्या. झिंक ऑक्साइडचं पांढरट सनस्क्रीन असेल तर डोळ्यांखालची राखाडी झाक त्याचीही असू शकते. एक दिवस रंग असलेलं सनस्क्रीन वापरून बघितलं की उलगडा होतो.

उलट बाजूही आहे. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या थंडीत क्रीम न लावता थेट कन्सीलर लावला तर तो अर्ध्या तासात भेगाळतो. मुंबईत किंवा कोकणात जे चालतं ते तिथे चालत नाही.

नळीची तारीख आणि शेड

पाकिटावर उघड्या डबीचं छोटं चिन्ह असतं आणि त्यात ६, १२ किंवा २४ असा आकडा. उघडल्यापासून तेवढे महिने. तेल वेगळं झालं असेल, वास बदलला असेल किंवा पोत दाणेदार झाला असेल तर आकडा काहीही असो, फेकून द्या. डोळ्यांजवळ जुना माल लावणं ही काटकसर महागात पडते.

शेड तपासताना मनगट विसरा. मनगटाचा रंग चेहऱ्याशी क्वचितच जुळतो. जबड्यावर एक आणि डोळ्याखाली एक ठिपका लावा, वीस मिनिटं थांबा आणि दुकानाबाहेरच्या उजेडात बघा. काही कन्सीलर हवेशी आणि त्वचेच्या तेलाशी संपर्क आला की गडद किंवा नारिंगी होतात. दुकानातल्या पहिल्या मिनिटात ते कळत नाही. डोळ्यांखालची शेड फाउंडेशनपेक्षा फार तर अर्धी ते एक पायरी फिकट असावी. दोन-तीन पायऱ्या फिकट घेतली की चष्मा काढल्यासारखे पांढरे गोल उमटतात.

करेक्टर: राखाडीवरचा खरा इलाज

वरचं सगळं नीट असूनही राखाडी दिसत असेल तर आता पैसे खर्च करा, पण कन्सीलरवर नको. कन्सीलर झाकतो तो मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्यामुळे. गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्याचा पातळ थर निळसर राखाडी दिसतो, मग वरची शेड कितीही अचूक असली तरी. थर वाढवला तर राखाडी जाऊन पांढरं होतं, नैसर्गिक मात्र होत नाही. म्हणून आधी निळेपणा मारायचा आणि निळ्याला मारतो नारिंगी.

गोऱ्या त्वचेला फिकट पीच, गव्हाळ रंगाला गडद पीच, सावळ्याला नारिंगी, त्याहून गडद त्वचेला लालसर नारिंगी. गोऱ्या त्वचेवर गडद नारिंगी लावलं तर ते कशानेच झाकलं जात नाही. सावळ्या त्वचेवर फिकट पीच लावलं तर तेच स्वतः राखेसारखं दिसतं. आपल्याकडे परदेशी व्हिडिओ बघून पीच घेणाऱ्या पुष्कळ जणी इथे फसतात. काळेपणा जांभळ्याकडे झुकत असेल तर पिवळसर छटेचा करेक्टर चालतो. हिरव्याच्या वाटेला डोळ्यांखाली जाऊ नका, तो लालीसाठी असतो.

लावायचा तो सर्वात काळ्या भागावरच, आणि इतका पातळ की खालची त्वचा थोडी दिसत राहील. लावून झाल्यावर डोळ्यांखाली नारिंगी दिसता कामा नये. काळेपणा नुसता मळकट बदामी झाला पाहिजे. तेवढं झालं की थांबा, एक मिनिट जाऊ द्या आणि वर कन्सीलर टेकवा. वरून नारिंगी डोकावत असेल तर कन्सीलर वाढवू नका, करेक्टर जास्त झालाय. स्वच्छ स्पंजाने थोडा उचलून घ्या.

लाल लिपस्टिकचा जुगाड सगळीकडे फिरतो. तो टाळलेला बरा. लिपस्टिकमधलं मेण घसरतं, वास डोळ्याला झोंबतो आणि ओठांसाठी वापरलेली काही लाल रंगद्रव्यं डोळ्यांजवळ वापरायची नसतात.

फुगवटा: इथे रंगाची हद्द संपते

कन्सीलर रंग बदलतो, उंची बदलत नाही. फिकट आणि चमकदार गोष्ट पुढे आल्यासारखी दिसते, गडद आणि मॅट गोष्ट मागे जाते. फुगवट्यावर फिकट कन्सीलर लावला की तो मोठा दिसतो, याचं कारण एवढंच.

आधी पाण्याचा भाग उतरवून घ्या. आदल्या संध्याकाळी पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स, चायनीज असं खारट खाल्लं असेल तर सकाळी फुगवटा येणारच. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मीठ हात राखून खा आणि रात्री उशी थोडी उंच घ्या. सकाळी उठून बसल्यावर फ्रिजमध्ये ठेवलेले स्टीलचे दोन चमचे किंवा गार पाण्यात पिळलेला रुमाल पाच ते दहा मिनिटं टेकवा. फ्रीझरमधला बर्फ थेट लावू नका, रुमालात गुंडाळा. इतक्या पातळ त्वचेला थंडीनेही इजा होते. वापरलेल्या चहाच्या पिशव्या गार करून ठेवल्या तरी चालतात, पण त्यात काम मुख्यतः गारवाच करतो. कॅफिनच्या जेलने थोडा वेळ थोडा फरक पडतो. ज्या सूज उतरवायच्या जेलने डोळ्याला चुरचुरतं ते परत लावू नका. चोळल्याने सूज वाढते.

उरलेल्या फुगवट्यासाठी सावलीवर काम करा. समोरच्या उजेडात बघितलं तर फुगवट्याच्या खालच्या कडेला एक गडद रेघ दिसेल. डोळ्यांना जे दिसतं ती सूज कमी आणि ही रेघच जास्त. ओठांच्या किंवा आयलायनरच्या बारीक ब्रशने फक्त त्या रेघेवर अर्धी पायरी फिकट कन्सीलर ओढा आणि खालच्या, गालाकडच्या बाजूला विरवा. वर फुगवट्यावर जाऊ देऊ नका. फुगवट्यावर त्वचेच्याच रंगाचं मॅट फाउंडेशन, तेही नावाला. शिमर, हायलायटर, चमकणारी पावडर या भागातून हद्दपार. खालच्या पापणीवर जाड काजळ घातलं तर नजर थेट फुगवट्यावर जाते, त्यापेक्षा वरच्या पापणीला लायनर आणि मस्कारा द्या.

ही युक्ती समोरच्या उजेडात चालते. हॉलच्या छतावरच्या स्पॉटलाइटखाली उभं राहिलं की फुगवटा परत दिसणार. फोटोग्राफरला समोरून उजेड द्यायला सांगणं हा त्यावरचा उपाय, आणखी एक थर हा नव्हे. चष्मा असेल तर फ्रेमची सावलीही मोजा. नाकाच्या पॅडखाली कन्सीलर लावूच नका, तो तिथून पुसला जाऊन काचेवर चढतो.

पावडर आणि टिकवण

कन्सीलर बसवल्यावर मिनिटभर थांबा. नजर वर करा, तोवर पडलेल्या रेषा स्वच्छ बोटाने दाबून मोडा आणि लगेच पावडर टेकवा. रेषा मोडून पावडर लावायला वेळ घालवला तर त्या रेषाच पक्क्या होतात. छोटा मऊ ब्रश, पावडर घेऊन झटकलेला, एकदाच. भरपूर पावडर थापून दहा मिनिटं ठेवायची पद्धत कोरड्या किंवा सुरकुतलेल्या त्वचेवर उलटते. दमट हवेत पावडर थोडी जास्त चालते, कोरड्या हवेत फक्त आतल्या कोपऱ्यात आणि रेषांवर.

फ्लॅशमधली पांढरी चंद्रकोर बहुतेक वेळा सिलिकाच्या एचडी पावडरीमुळे (बिनरंगाची अगदी बारीक पांढरी पावडर) येते. खोलीतला दिवा बंद करून मोबाइलच्या फ्लॅशने स्वतःचा एक फोटो काढा. पांढरं दिसलं तर ब्रशने झटकून रंगाची पावडर वापरा. हे घरीच बघा, हॉलवर पोचल्यावर नाही.

होमाच्या धुराने डोळ्यांना पाणी येतं, पाठवणीच्या वेळी तर येतंच. रुमालाने पुसलं की करेक्टरसकट सगळं जातं. टिश्यूला टोक काढून ते पापणीच्या कडेला धरा, पाणी शोषलं जाईल. ओघळ आलाच तर वर पावडर लावू नका, ओल्यावर तिचे गठ्ठे होतात. सुकू द्या, स्पंज दाबा, मग कणभर कन्सीलर.

कधी थांबायचं आणि कुणाकडे जायचं

एकाच डोळ्याला अचानक सूज, दुखणं, लाली, ताप, दोन-दोन दिसणं, नजर अंधुक होणं किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटणं: मेकअप बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

केसांचा डाय, नवीन काजळ किंवा नवीन क्रीम लावल्यावर पापण्या सुजून खाज सुटली तर ती ॲलर्जी आहे असं धरून सगळं बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ओठ किंवा जीभ सुजली, श्वासाला त्रास झाला तर थेट रुग्णालय.

रोज सकाळी दोन्ही डोळे सुजतात, जोडीला पायांवर सूज किंवा लघवीला फेस येतो, तर फॅमिली डॉक्टरांकडून लघवी आणि रक्त तपासून घ्या. मूत्रपिंड आणि थायरॉइड दोन्हींचा संबंध असू शकतो. पापण्यांच्या आतल्या कोपऱ्याजवळ पिवळट चपटे चट्टे दिसत असतील तर ते कन्सीलरने झाकून विसरू नका, कोलेस्टेरॉल तपासा. सतत शिंका, नाक चोंदणं, डोळे चोळणं चालू असेल तर ॲलर्जीवर उपचार झाल्याशिवाय काळेपणा हटणार नाही.

त्वचेतल्या तपकिरी रंगावर उपचार करायचा तर त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीनेच. मेडिकलमधून 'गोरं करणारी' म्हणून मिळणारी मलमं बरेचदा स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचं मिश्रण असतात. डोळ्यांभोवती स्टिरॉइड महिनोन्महिने लावलं तर त्वचा आणखी पातळ होते, डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो. लिंबू, टूथपेस्ट, बेकिंग सोडा यांचं नावही डोळ्यांजवळ नको.

चरबीचा फुगवटा कुठल्याच क्रीमने जात नाही. त्यावर खालच्या पापणीची शस्त्रक्रिया असते आणि ती ऑक्युलोप्लास्टिक (पापण्या आणि डोळ्यांभोवतालच्या शस्त्रक्रियांचे) किंवा प्लास्टिक सर्जनच करतात. खोल खळगीसाठी हायल्युरोनिक ॲसिडचं फिलर देतात, पण ते त्वचेच्या फार वरच्या थरात भरलं गेलं तर तिथे निळसर झाक दिसते आणि क्वचित रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टीही जाऊ शकते. पार्लरमध्ये कुणी ते स्वस्तात टोचून देतो म्हणालं तर उठून या. तज्ज्ञांकडे घ्यायचं ठरलं तरी लग्नाच्या आठवड्यात घेऊ नका. सूज आणि निळेपणा उतरायला दोन आठवडे तरी हातात हवेत.

डॉक्टरांकडे जाताना मेकअप न करता जा. सकाळी उठल्यावरचा आणि संध्याकाळचा, एकाच खिडकीसमोर काढलेला एकेक फोटो आणि सध्या डोळ्यांभोवती लावत असलेल्या प्रत्येक ट्यूबचं पाकीट सोबत ठेवा.